रंगमंचावरील गोंधळ आणि पडद्याची चौकट : ‘हेल्झापॉपिन’ या विनोदी संगीत रिव्ह्यूच्या चित्रपट-रूपांतराचा चिकित्सक अभ्यास

सारांश

कथानकप्रधान नाटकाच्या चित्रपट-रूपांतराची चर्चा मोठ्या प्रमाणावर झाली आहे. ज्या प्रयोगाला कथानकच नाही अशा विनोदी संगीत रिव्ह्यूच्या रूपांतराचे प्रश्न मात्र वेगळे आहेत. प्रस्तुत लेखात १९३८ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर आलेला ‘हेल्झापॉपिन’ हा रिव्ह्यू आणि १९४१ साली युनिव्हर्सल कंपनीने पडद्यावर आणलेला त्याच नावाचा चित्रपट यांचा तौलनिक विचार केला आहे. रिव्ह्यूचे मर्म त्यातील गाणी व प्रवेश यांत नसून प्रयोग आणि प्रेक्षागृह यांच्यातील सजीव व्यवहारात असते, आणि म्हणून मूळ विनोद जसेच्या तसे उचलल्याने निष्ठा साधत नाही, हे येथे दाखवण्याचा प्रयत्न आहे.

१. प्रस्तावना

नाटकावरून चित्रपट होतो तेव्हा समीक्षेचे नेहमीचे प्रश्न ठरलेले असतात. कथानकात कोणते बदल झाले, कोणती पात्रे गाळली गेली, संवादांची काटछाट कशी झाली, बंदिस्त दिवाणखान्यातील घटना उघड्यावर कशा आणल्या गेल्या, या प्रश्नांच्या आधारे रूपांतराचे यशापयश ठरवले जाते. या सर्व प्रश्नांमागे एक गृहीतक असते. ते असे की, मूळ कलाकृतीचा गाभा तिच्या कथेत आहे आणि ती कथा एका माध्यमातून दुसऱ्या माध्यमात नेता येते.

विनोदी संगीत रिव्ह्यूच्या बाबतीत हे गृहीतकच कोसळते. येथे कथा नसते. असलीच तर ती नावापुरती असते. मग रूपांतर करणाऱ्याने नेमके काय न्यायचे, हा प्रश्न उभा राहतो. गाणी न्यावीत, तर ती ध्वनिमुद्रिकेवरही ऐकता येतात. विनोदवीर न्यावेत, तर त्यांना घेऊन कोणताही स्वतंत्र चित्रपट काढता येतो. या दोहोंपलीकडे रिव्ह्यूमध्ये जे उरते त्याचा शोध घेतल्याशिवाय त्याच्या रूपांतराचे मूल्यमापन होऊ शकत नाही. ‘हेल्झापॉपिन’ची निवड या दृष्टीने उपयुक्त ठरते, कारण हा चित्रपट स्वतःच्या रूपांतराचा प्रश्न पडद्यावर उघडपणे मांडतो.

२. रिव्ह्यू : संकल्पना व स्वरूप

‘रिव्ह्यू’ हा नाट्यप्रकार फ्रेंच रंगभूमीवरून आलेला आहे. सरत्या वर्षातील घडामोडींचा उपहासपूर्ण आढावा घेणारे प्रयोग पॅरिसमध्ये होत असत. त्यावरून हे नाव रूढ झाले. अमेरिकेत १९०७ पासून सुरू झालेल्या फ्लोरेन्झ झीगफेल्ड यांच्या ‘फॉलीज’ मालिकेने या प्रकारास वैभव प्राप्त करून दिले. गाणी, नृत्ये, छोटे विनोदी प्रवेश, नकला, कसरती यांची मालिका असे त्याचे स्थूल स्वरूप असते. प्रत्येक घटक स्वयंपूर्ण असतो, त्यामुळे एखादा काढून टाकला किंवा त्याचा क्रम बदलला तरी प्रयोगास बाध येत नाही.

या लवचिकतेचा एक महत्त्वाचा परिणाम असा की, रिव्ह्यू रोज बदलू शकतो. सकाळच्या वृत्तपत्रातील बातमी रात्रीच्या प्रयोगात विनोदाचा विषय होते. तमाशातील बतावणीचा परिचय असलेल्या वाचकास हा गुणधर्म सहज लक्षात येईल. बतावणीतील हजरजबाबी सोंगाड्या समोरच्या गर्दीचा कल पाहून बोलतो, तसाच रिव्ह्यूमधील विनोदवीरही प्रेक्षकांच्या हशावर आपली लय बेतत असतो. म्हणजेच प्रेक्षक हा येथे केवळ पाहणारा राहत नाही. प्रयोगाचा एक अर्धा भाग तो स्वतः पुरवतो.

चित्रपटात नेमका हाच अर्धा भाग अनुपस्थित असतो. चित्रीकरणाच्या वेळी प्रेक्षक नसतो आणि प्रदर्शनाच्या वेळी कलावंत नसतो. रिव्ह्यूच्या रूपांतरातील सर्व पेच या एका वस्तुस्थितीतून निर्माण होतात.

३. पूर्वपरंपरा : १९२९ ते १९३५

बोलपट आल्यानंतर हॉलिवूडने सर्वप्रथम ज्या प्रकारांकडे धाव घेतली त्यांत रिव्ह्यूचा समावेश होता. एमजीएमचा ‘द हॉलिवूड रिव्ह्यू ऑफ १९२९’, वॉर्नर ब्रदर्सचा ‘द शो ऑफ शोज’ (१९२९), पॅरामाउंटचा ‘पॅरामाउंट ऑन परेड’ (१९३०) आणि युनिव्हर्सलचा ‘किंग ऑफ जॅझ’ (१९३०) हे चित्रपट एकापाठोपाठ एक आले. कंपनीच्या पदरी असलेले सर्व तारे आणि तारका एकत्र आणून त्यांच्याकडून गाणी व विनोदी प्रवेश करवून घेणे, अशी त्यांची रचना होती. ‘किंग ऑफ जॅझ’चे दिग्दर्शन तर रंगमंचावरील रिव्ह्यूंचे नामांकित दिग्दर्शक जॉन मरे अँडरसन यांच्याकडे सोपवण्यात आले आणि दोन रंगांच्या टेक्निकलर पद्धतीवर मोठा खर्च करण्यात आला.

ही लाट अल्पकाळातच ओसरली. संगीतपटांचा अतिरेक आणि आर्थिक मंदी ही त्याची बाह्य कारणे होत. त्याखेरीज एक अंतर्गत कारणही होते. या चित्रपटांनी रिव्ह्यूमधील घटक पडद्यावर आणले, परंतु त्या घटकांना बांधून ठेवणारे प्रेक्षागृह मागेच राहिले. सूत्रधार पडद्यावरून समोर पाहत बोलतो आणि उत्तराची अपेक्षा असल्याप्रमाणे थांबतो. त्या विरामात मात्र कोणाचेही उत्तर येत नाही. रंगमंचावर जो विराम अर्थपूर्ण असतो तो पडद्यावर रिकामा वाटू लागतो.

मार्क्स बंधूंचे उदाहरणही येथे विचारात घेण्याजोगे आहे. त्यांचे ‘द कोकोनट्स’ हे संगीत नाटक १९२५ मध्ये ब्रॉडवेवर आले व १९२९ मध्ये न्यूयॉर्कमधील अ‍ॅस्टोरिया स्टुडिओत चित्रित झाले. दिवसा चित्रीकरण आणि रात्री दुसऱ्या नाटकाचा प्रयोग असा त्यांचा त्या काळातील क्रम होता. त्या वेळचा ध्वनिग्राहक इतका संवेदनशील होता की, दृश्यातील नकाशाचा कागद वाजू नये म्हणून तो पाण्यात भिजवावा लागे. ज्यांची कला प्रेक्षकांच्या गलक्यावर पोसली गेली होती, त्यांना कागदाच्या आवाजालाही मज्जाव असलेल्या शांततेत विनोद करावा लागला, हा विरोधाभास बोलका आहे. पुढे ‘अ नाइट अ‍ॅट द ऑपेरा’ (१९३५) या चित्रपटाच्या वेळी निर्माते अर्व्हिंग थालबर्ग यांनी चित्रीकरणापूर्वी निवडक प्रवेशांचे प्रयोग वेगवेगळ्या शहरांतील रंगमंचांवर करवून घेतले. हशा कोठे येतो व किती वेळ टिकतो याची नोंद घेऊन संवादांतील विराम निश्चित करण्यात आले. अनुपस्थित प्रेक्षकासाठी चित्रपटात आगाऊ जागा राखून ठेवण्याचा हा प्रयत्न होता.

दरम्यान ‘४२ स्ट्रीट’ (१९३३) सारख्या चित्रपटांनी वेगळा मार्ग शोधला होता. नाटक कंपनीच्या पडद्यामागील कथा सांगायची आणि त्या कथेच्या निमित्ताने गाणी व नृत्ये दाखवायची, अशी ही योजना होती. रिव्ह्यूच्या कथाहीनतेवर कथेचे पांघरूण घालण्याची ही पद्धत पुढे हॉलिवूडचा प्रघात बनली.

४. रंगमंचावरील ‘हेल्झापॉपिन’

ओली ओल्सन आणि चिक जॉन्सन ही विनोदवीरांची जोडी अनेक वर्षे व्हॉडव्हिलच्या रंगमंचावर काम करीत होती. त्यांचा ‘हेल्झापॉपिन’ हा रिव्ह्यू २२ सप्टेंबर १९३८ रोजी ब्रॉडवेवर आला. वृत्तपत्रांतील समीक्षकांनी त्याचे फारसे स्वागत केले नाही. स्तंभलेखक वॉल्टर विंचेल यांनी मात्र आपल्या लेखनातून त्याचा सातत्याने पुरस्कार केला. डिसेंबर १९४१ मध्ये हा प्रयोग थांबला तेव्हा त्याचे १,४०४ प्रयोग झाले होते. त्या वेळेपर्यंत ब्रॉडवेवरील अन्य कोणत्याही संगीत प्रयोगास हा पल्ला गाठता आला नव्हता.

या प्रयोगाची खरी रंगभूमी प्रेक्षागृह ही होती. प्रयोग सुरू असताना एक स्त्री ‘ऑस्कर’ नावाच्या कोणाला तरी हाका मारीत खुर्च्यांमधील वाटेने धावत असे. एक विक्रेता प्रेक्षकांत फिरून दुसऱ्याच नाटकाची तिकिटे विकू लागे. एक माणूस श्रीमती जोन्स यांच्यासाठी कुंडीतील लहानसे रोप घेऊन येई. प्रत्येक फेरीत ते रोप वाढत जाई, आणि प्रयोग संपवून प्रेक्षक बाहेर पडत तेव्हा तो माणूस नाट्यगृहाच्या दालनात एका वृक्षावर बसलेला दिसे. हा शेवटचा विनोद विशेष लक्षणीय आहे. पडदा पडल्यावरही प्रयोग संपलेला नाही आणि नाट्यगृहाच्या दारापर्यंत त्याची हद्द आहे, असे तो सुचवतो.

आणखी एक बाब येथे नोंदवली पाहिजे. या रिव्ह्यूचा आरंभ चित्रपटाने होत असे. पडद्यावर एक नकली वार्तापट दाखवला जाई आणि त्यात हिटलर यिद्दिश धाटणीच्या उच्चारात भाषण करताना दिसे. १९३८ सालच्या न्यूयॉर्कमध्ये या विनोदाला केवढी धार असेल याची कल्पना करता येते. रंगमंचाने चित्रपटाला आपल्या गोंधळात असे आधीच सामावून घेतले होते. आता चित्रपटाला रंगमंच सामावून घ्यायचा होता.

५. शब्दशः निष्ठा आणि तिचे अपयश

एच. सी. पॉटर दिग्दर्शित ‘हेल्झापॉपिन’ हा चित्रपट डिसेंबर १९४१ मध्ये प्रदर्शित झाला. ओल्सन व जॉन्सन यांच्यासोबत मार्था रे, ह्यू हर्बर्ट, मिशा ऑवर, जेन फ्रेझी, रॉबर्ट पेज इत्यादी कलावंत त्यात होते. पटकथा नॅट पेरिन व वॉरन विल्सन यांची होती.

रोप घेऊन येणारा माणूस या चित्रपटातही आहे. तो श्रीमती जोन्स यांना हाका मारीत येतो, जातो आणि रोपाचे झाड होते. ऑस्करला शोधणारी स्त्रीही आहे. विनोद जसाच्या तसा राखला आहे, तरीही त्याचा अर्थ पालटला आहे. नाट्यगृहात हा माणूस प्रेक्षकाच्या बाजूने येत असे. तो कलावंत आहे की खरोखरच वाट चुकलेला पोरगा आहे, असा क्षणभर संभ्रम निर्माण होई, आणि शेजारून जाणाऱ्या झाडाची पाने प्रेक्षकाच्या खांद्याला लागण्याची शक्यता असे. चित्रपटात तो अन्य पात्रांच्या मध्ये येतो. व्यत्यय त्या पात्रांना होतो. प्रेक्षक सुरक्षित अंतरावरून तो व्यत्यय पाहतो. प्रेक्षकाच्या जागेवरचे आक्रमण या विनोदाचा प्राण होते. पडद्यावर विनोदाचा तपशील शिल्लक राहिला आणि आक्रमण नाहीसे झाले.

६. प्रेक्षागृहाच्या जागी प्रक्षेपणयंत्रणा

चित्रपटाचे खरे यश अन्यत्र आहे. कर्त्यांनी जेथे मूळ प्रयोगात नसलेले विनोद नव्याने रचले, तेथे ते मूळ प्रयोगाच्या अधिक जवळ गेले. त्यासाठी त्यांनी चित्रपटगृहातच असलेल्या, पण प्रेक्षकाला एरवी न जाणवणाऱ्या गोष्टींचा आश्रय घेतला. प्रोजेक्टर, रीळ, चित्रचौकट आणि सूचनेची पाटी या त्या गोष्टी होत.

शेम्प हॉवर्ड यांनी रंगवलेला लुई हा प्रोजेक्टर चालवणारा ऑपरेटर आहे. पडद्यावरील ओल्सन व जॉन्सन त्याच्याशी थेट बोलतात, भांडतात. लुईचे कामात लक्ष नसल्यामुळे चित्रचौकट सरकते. पडद्याच्या मध्यावर आडवी रेघ येते आणि पात्रांचे शरीर त्या रेघेच्या वर-खाली विभागले जाते. कधी पात्रे अचानक भलत्याच वेस्टर्न चित्रपटातील दृश्यात जाऊन पडतात. चित्रपटगृहात रीळ तुटण्याचा, चौकट हलण्याचा अनुभव त्या काळी प्रत्येक प्रेक्षकाने घेतलेला होता. त्यामुळे हा बिघाड खरा की खोटा, असा संभ्रम क्षणभर तरी निर्माण होत असला पाहिजे. मूळ प्रयोगात वाटेवरून धावणारी स्त्री जे कार्य करीत होती, ते येथे सरकलेली चौकट करते.

याच प्रकारातील सर्वोत्तम उदाहरण स्टिंकी मिलरचे होय. नायक-नायिकेचे प्रेमगीत ऐन रंगात आलेले असताना, चित्रपटगृहात सूचनेसाठी दाखवतात तशी पाटी पडद्यावर झळकते. स्टिंकी मिलर नावाच्या मुलाने ताबडतोब घरी जावे, अशी ती सूचना असते. गीत चालू राहते. पाटी पुन्हा येते. अखेर पडद्याच्या खालच्या कडेला एका मुलाची काळी आकृती उठते आणि पडद्यावर सावली टाकीत निघून जाते. ही आकृती चित्रपटातील कोणत्याही स्थळी नाही. ती प्रेक्षागृहातील पुढच्या रांगेत आहे. ज्या प्रेक्षागृहाला चित्रपट मुकला होता, ते त्याने एका सावलीच्या साहाय्याने परत मिळवले, असे म्हणता येईल. त्याच वेळी प्रेमगीताच्या भावुकतेचे पितळही उघडे पडले.

प्रासंगिकतेच्या बाबतीतही असेच स्थलांतर घडले आहे. रंगमंचावरील रिव्ह्यू वृत्तपत्रांतून विषय घेत असे. रोज बदलणे चित्रपटाला शक्य नव्हते, म्हणून त्याने अन्य चित्रपटांतून संदर्भ उचलले. त्याच वर्षी प्रदर्शित झालेल्या ‘सिटिझन केन’मधील रोझबड नावाची घसरगाडी येथे अडगळीसारखी पडलेली दिसते आणि ती तर जाळली गेली होती ना, अशी शंका व्यक्त होते. युनिव्हर्सलच्याच भयपटांतील फ्रँकेन्स्टाइनचा राक्षसही डोकावून जातो. चित्रपटाच्या प्रेक्षकांमध्ये समान असलेली स्मृती ही वृत्तपत्रांची नसून चित्रपटांची आहे, हे कर्त्यांनी अचूक ओळखले होते.

७. कथानकाची तडजोड

प्रारंभीच पडद्यावर नरकाचा भव्य देखावा उलगडतो. नर्तिका जिन्यावरून उतरत असतात, जिना घसरगुंडी होतो, सैतान नाचू लागतात, आणि मोटारीतून ओल्सन व जॉन्सन अवतरतात. हा भाग शुद्ध रिव्ह्यूचा आहे. थोड्याच वेळात हे सर्व स्टुडिओतील चित्रीकरण असल्याचे उघड होते आणि दिग्दर्शक सांगतो की चित्रपटाला गोष्ट हवीच. विनोदवीर विरोध करतात, पण हॉलिवूडपुढे त्यांचे काही चालत नाही. एलिशा कुक (ज्युनियर) यांनी रंगवलेला भित्रा पटकथाकार हजर होतो आणि प्रेमत्रिकोणाची ठरीव कथा सुरू होते.

ही कथा अशी आहे. जेफ हा तरुण श्रीमंत घरातील किटीच्या निवासस्थानी एक संगीत प्रयोग बसवीत असतो. तो यशस्वी झाला तर त्याचे किटीशी लग्न होऊ शकेल. गैरसमजापोटी ओल्सन व जॉन्सन यांना वाटते की हे लग्न मोडण्यातच मित्राचे हित आहे. म्हणून ते प्रयोगात एकामागून एक विघ्ने आणतात. प्रत्यक्षात त्या विघ्नांमुळेच प्रेक्षक हसून बेजार होतात आणि ब्रॉडवेचा निर्माता प्रयोगावर खूश होतो.

या कथेचे दोन अर्थ लागतात. वरवर पाहता ती शरणागती आहे. ‘४२ स्ट्रीट’पासून रूढ झालेले पांघरूण येथेही घेतलेले दिसते. सूक्ष्मपणे पाहिल्यास ती मूळ रिव्ह्यूच्या यशाची मीमांसाही आहे. नीटनेटका प्रयोग मोडला की त्यातून ‘हेल्झापॉपिन’ निर्माण होतो, हेच ती सांगते. शिवाय या कथेमुळे चित्रपटाला स्वतःचा हसणारा प्रेक्षकवर्ग पडद्यावर दाखवता आला. ज्या हशाची थालबर्ग यांनी नोंद घेतली होती, तो येथे दृश्याचाच भाग झाला.

असे असले तरी या तडजोडीची किंमत चित्रपटाला मोजावी लागली आहे. मधल्या भागातील प्रेमप्रसंग आणि गीते गांभीर्याने चित्रित केली आहेत. स्टिंकी मिलरसारखा अपवाद वगळता त्या प्रसंगांना कोणी व्यत्यय आणीत नाही आणि चित्रपट सामान्य संगीतपटाच्या पातळीवर उतरतो. अखेरीस दिग्दर्शक पटकथाकारावर गोळ्या झाडतो. पटकथाकार मरत नाही. मात्र पाणी पिताच अंगावरील भोकांतून धारा गळू लागतात. कथा लादणाऱ्यांची ही थट्टा मार्मिक आहे, पण ती कथा संपूर्ण सांगून झाल्यानंतर येते.

८. सुटा घटक : स्वातंत्र्य आणि विलगता

चित्रपटातील सर्वाधिक स्मरणीय भाग विनोदाचा नाही, नृत्याचा आहे. हार्लेममधील सव्हॉय बॉलरूममध्ये घडलेल्या ‘व्हाइटीज लिंडी हॉपर्स’ या कृष्णवर्णीय नर्तकसंघाचे हे नृत्य फ्रँकी मॅनिंग यांनी रचले होते. स्लिम गेलार्ड व स्लॅम स्ट्युअर्ट यांच्या वादनातून ते सुरू होते. अतिशय जलद लयीत जोड्या एकमेकांना हवेत उडवतात, पाठीवरून फेकतात आणि तालाचा एकही ठोका न चुकता जमिनीवर येतात.

हे नर्तक चित्रपटात स्वयंपाकी, मोलकरणी, कामगार यांच्या वेशात आहेत. बडे पाहुणे जवळपास नसताना ते नाचतात आणि नृत्य संपताच कथेतून नाहीसे होतात. त्यापूर्वी वा त्यानंतर कथेला त्यांची गरज नाही. लीना हॉर्नसारख्या कृष्णवर्णीय कलावंतांची दृश्ये दक्षिणेकडील चित्रपटगृहांत वगळता यावीत अशा बेताने हॉलिवूडमध्ये चित्रित केली जात, ही गोष्ट सर्वज्ञात आहे. ती लक्षात घेतली की रिव्ह्यूच्या रचनेविषयी एक अस्वस्थ करणारा प्रश्न पडतो. प्रत्येक घटक सुटा असणे हे रिव्ह्यूचे स्वातंत्र्य होते. तोच सुटेपणा वर्णभेदी समाजात विलगतेचे साधन होऊ शकतो. गोऱ्या नायक-नायिकेच्या वाट्याला कथा आली आणि कृष्णवर्णीय नर्तकांच्या वाट्याला काही मिनिटांचा तुकडा आला.

काळाने मात्र हा हिशेब उलटा केला. १९८० च्या दशकात लिंडी हॉपचे पुनरुज्जीवन झाले तेव्हा तरुण नर्तकांनी याच दृश्याचा अभ्यास केला आणि वृद्ध फ्रँकी मॅनिंग पुन्हा गुरुस्थानी आले. प्रेमत्रिकोण विस्मृतीत गेला; तो सुटा तुकडा मात्र जगभर पाहिला जातो.

९. समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष हाती येतात. पहिला असा की, रिव्ह्यूचे मर्म त्याच्या सामग्रीत नसून प्रेक्षागृहाशी असलेल्या नात्यात आहे. कुंडीतील रोपाचा विनोद जसाच्या तसा राखूनही निष्प्रभ ठरतो, तर मूळ प्रयोगात शक्यच नसलेला स्टिंकी मिलरचा विनोद मूळ प्रयोगाचा आत्मा जपतो. दुसरा असा की, माध्यमांतरात गमावलेल्या घटकाची भरपाई नव्या माध्यमाच्या स्वतःच्या साधनांतून करावी लागते. ‘हेल्झापॉपिन’ने ती प्रक्षेपणयंत्रणेतून केली. तिसरा असा की, कथा लादली गेल्यावर कोणाच्या वाट्याला कथा येते आणि कोणाच्या वाट्याला तुकडा, हा केवळ रचनेचा प्रश्न राहत नाही.

यासोबत एक मर्यादाही मान्य करावी लागते. स्टिंकी मिलरची सावली उठते ती चित्रपटगृहाच्या पुढच्या रांगेतून. आज हा चित्रपट घरच्या दूरचित्रवाणी संचावर किंवा हातातील मोबाइलवर पाहिला जातो, तेव्हा पुढची रांगच नसते. प्रोजेक्टरचा ऑपरेटर, तुटणारे रीळ, सरकणारी चौकट हा अनुभवही आजच्या तरुण प्रेक्षकाच्या स्मृतीत नाही. रंगमंचावरील रिव्ह्यू आपले प्रेक्षागृह गमावून पडद्यावर आला. आता पडद्यावरील रिव्ह्यूनेही आपले चित्रपटगृह गमावले आहे. वर्गात हा चित्रपट दाखवणाऱ्या अध्यापकाने म्हणूनच तो शक्यतो अंधाऱ्या सभागृहात, मोठ्या पडद्यावर आणि भरलेल्या बाकांसमोर दाखवावा. ती पाटी झळकल्यावर एखादा विद्यार्थी नकळत मागे-पुढे पाहू लागला, तर सदर रूपांतर आजही सिद्ध झाले असे समजण्यास हरकत नाही.